छोट्या रणात थार रुतली आणि ती कशी काढली

दर हिवाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच, कच्छच्या छोट्या रणात स्वतःची गाडी घेऊन जायचंय, फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) लागेल का, टायर कुठले टाकू, विंच (केबलने गाडी ओढायचं यंत्र) बसवून घेऊ का. सगळे प्रश्न गाडीबद्दल. जमिनीबद्दल कोणी विचारत नाही आणि तिथे सगळा प्रश्न जमिनीचाच आहे. या जानेवारीत आमच्या ग्रुपमधली एक थार, म्हणजे महिंद्राची जीप, तिथे रुतली, पार पोटावर बसली, ती कशी निघाली ते सविस्तर लिहून ठेवतोय, कारण तिथे जे कामाला आलं ते रिकव्हरीच्या व्हिडिओंमध्ये फारसं दिसत नाही. व्हिडिओत दोरी ताणते, इंजिन ओरडतं, चिखल उडतो, गाडी बाहेर. आमची गाडी फावड्याने निघाली. दोरी अगदी शेवटी लागली.

आधी ती जमीन काय आहे ते सांगतो. वाळवंट म्हणलं की आपल्याला वाळूच आठवते, जैसलमेरचे वाळूचे डोंगर वगैरे, तसलं छोट्या रणात काही नाही. हे सगळं सपाट आहे, चिकणमाती, गाळ आणि मीठ, साधारण ५,००० चौरस किलोमीटर. कधीकाळी हा समुद्राचा उथळ फाटा होता, गाळाने भरत गेला. पावसाळ्यात पूर्वेकडून बनास, सरस्वती, रूपेण या नद्यांचं पाणी येऊन इथे पसरतं, पश्चिमेला सुरजबारीच्या बाजूने कच्छच्या आखाताचं खारं पाणी आत शिरतं, आणि ही दोन्ही पाणी मिळून चार महिने नुसतं उथळ पाणी असतं, मधेमधे उंचवटे तेवढे वर राहतात, त्यांना तिथे बेटच म्हणतात. ऑक्टोबरपासून पाणी ओसरायला लागतं, ऊन वरचा थर वाळवतं, त्याला भेगा पडतात आणि आपल्याला वाटतं झालं, सुकलं.

सुकत नाही. निदान पूर्ण सुकत नाही. एक तर चिकणमातीचे कण इतके बारीक की ती पाणी सहजासहजी सोडत नाही, त्यात मीठ, जे हवेतली ओल धरून ठेवतं. शिवाय जमिनीखालचं खारं पाणी बारीक छिद्रांतून वर चढत राहतं, वर येऊन त्याची वाफ होते, मीठ मागे राहतं, आणि तो मिठाचा नि मातीचा पापुद्रा खालच्या चिखलावर झाकण घालतो. तापवलेल्या दुधावर साय धरते आणि खाली दूध तसंच राहतं, तसं. कुठे हा पापुद्रा चांगला वीतभर जाड असतो, कुठे दोन बोटं. माणूस चालतो, बाईक जाते, घुडखर, म्हणजे इथली जंगली गाढवं, तर कळपाने धावत जातात, आणि त्याच जागेवर दोन टनाची गाडी आली की पापुद्रा तुटतो.

माझा मावसभाऊ अबुधाबीला असतो, त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला अरे आमच्याकडे याला सबखा म्हणतात, सेम प्रकार. अबुधाबीच्या पश्चिमेला सौदीच्या सीमेकडे सबखा मत्ती म्हणून मोठाच्या मोठा पट्टा आहे, तिकडचे ड्रायव्हिंगवाले लोक वाळूच्या उंच टेकडीला घाबरत नाहीत तेवढे त्या सपाट पांढऱ्या जमिनीला घाबरतात. वाळूत रुतलात तर हवा कमी करा, थोडी वाळू उपसा, निघता. सबखात तसं नाही. म्हणजे हा काही फक्त कच्छचा विषय नाही, खाली खारं पाणी आणि वर कडक ऊन जिथे आहे तिथे ही जमीन अशीच वागते.

आमच्या दोन गाड्या होत्या, माझी जुनी जिप्सी आणि मित्राची नवीन थार. अहमदाबादवरून विरमगाम, पाटडी करत दसाड्याला मुक्काम, वनखात्याची परवानगी काढलेली (हे घुडखर अभयारण्य आहे, १९७३ पासून, पावसाळ्यात बंद असतं आणि बाकी वेळी परवानगीशिवाय आत जायचं नसतं, हे आधीच सांगतो), आणि बरोबर गावातला एक वाटाड्या, अगरियांच्या घरातलाच मुलगा. अगरिये म्हणजे रणात मीठ पिकवणारे लोक. पावसाळा संपला की अख्खं कुटुंब रणात राहायला येतं, विहीर खणून जमिनीखालचं खारं पाणी उपसतात, पूर्वी डिझेल इंजिनावर, आता बऱ्याच जणांकडे सोलर पंप आलेत, ते पाणी एकामागून एक वाफ्यांत फिरवत फिरवत शेवटी मिठाचे मोठे खडे तयार होतात. सात-आठ महिने तिथेच, झोपडीत. प्यायचं पाणी टँकरने येतं.

तो मुलगा थारमध्ये पुढे बसला होता आणि जाता जाता जमीन वाचायला शिकवत होता. राखाडी-पांढरट आणि भेगाळलेली असेल तर पक्की. गडद तपकिरी दिसली, चमकली, तर सोडा. आणि जिथे भेगाच नाहीत, एकदम गुळगुळीत आहे, तिथे जास्त सांभाळा, कारण भेगा वाळल्यावर पडतात, भेग नाही म्हणजे वाळलेलं नाही. दुसऱ्या गाडीच्या चाकाचे ठसे बघायचे, ठशाच्या कडेला माती उलटून वर आली असेल तर तो रस्ता धरायचा नाही. एवढं सगळं बघत, रोज पाण्याचा टँकर जातो त्याच वाटेने आम्ही चाललो होतो. स्पीड वीस-पंचवीस.

आणि त्या टँकरच्या वाटेवरच थारचं डावं पुढचं चाक खाली गेलं.

कारण नंतर कळलं. हिवाळ्यात कालव्यांचं वाढीव पाणी रणात उतरतं. ते काही नदीचा पूर येतो तसं दिसत नाही, हळूहळू सपाट जमिनीवर पसरतं, जिरतं, आणि जिथे ते पोचतं तिथला पापुद्रा खालून मऊ होतो, वरून ऊन त्याला पुन्हा कोरडा रंग देतं. अगरियांचे तयार होत आलेले वाफे या पाण्याने वाया जातात, महिन्यांची मेहनत विरघळून जाते, हे लोक कित्येक वर्षं सांगतायत. आपली एक गाडी रुतली तर आपण ब्लॉग लिहितो, त्यांचं सगळं पीक जातं. मला हे तिथे उभं राहून पहिल्यांदा नीट समजलं आणि खरं सांगतो फार वाईट वाटलं. गोडं पाणी आहे, एवढ्या खर्चाने आणलेलं आहे, आणि ते जिथे नको तिथे सोडलं जातंय.

असो, गाडी. मित्राने एक गोष्ट फार छान केली, चाक खाली गेल्याचं जाणवल्या क्षणी पाय ॲक्सिलेटरवरून काढला. रेस दिली नाही. चिखलात चाक फिरलं की ते स्वतःचा खड्डा स्वतः खणतं, आणि टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की ते टायर राहत नाही, गुळगुळीत रूळ होतो. पण तरी वजन आणि वेग होता तेवढ्याने गाडी पुढे सरकली आणि डावी बाजू दारांच्या खालच्या पट्टीपर्यंत, उजवी ॲक्सलपर्यंत गेली. चॅसिस जमिनीला टेकली. म्हणजे चारही चाकांवर वजनच राहिलं नाही, मग फोर लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणारा गियर) टाका, डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारी सोय) करा, काही उपयोग नाही, चाकं नुसती फिरणार.

मी बराच मागे होतो, तिथेच थांबलो, आणि जिप्सी एक फूटही पुढे नेली नाही. रणात मागची गाडी मदतीला म्हणून जवळ गेली की दोन गाड्या अडकतात. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिने आपलं वजन पेललंय एवढंच आपल्याला नक्की माहीत असतं, पुढचं काही माहीत नसतं. म्हणून दोरी लांब पाहिजे. आम्ही दोन दोऱ्या घेऊन गेलो होतो, एक नायलॉनची कायनेटिक, जी ताणते, आणि एक साधी पॉलिस्टरची लांब पट्टी, जी ताणत नाही, ती फक्त अंतर वाढवायला.

मित्र म्हणाला दोरी लाव, एक झटका देऊन बघू. इथे थोडा हिशोब सांगतो, कारण हा हिशोब माहीत असेल तर माणूस झटका द्यायला जात नाही. सैन्याच्या रिकव्हरीच्या पुस्तकांत अंदाज बांधायची सोपी पद्धत असते, चाकं रुतली असतील तर गाडीच्या वजनाएवढा ओढ लागेल, मडगार्डपर्यंत गेली असेल तर दुप्पट, आणि त्याच्याही वर केबिनपर्यंत गेली तर तिप्पट. थार सामान, माणसं धरून दोन टनाच्या आसपास. म्हणजे आमच्या केसमध्ये चार टन तरी धरा. जिप्सीचं स्वतःचं वजन साधारण एक टन, आणि कुठलीही गाडी तशा निसरड्या जमिनीवर स्वतःच्या वजनाएवढाही ओढ देऊ शकत नाही, चाकं आधी घसरतात. कायनेटिक दोरीने थोडी जास्त ताकद मिळते, धावत्या गाडीची ऊर्जा ती साठवते नि सोडते, पण म्हणूनच ती धोक्याचीही आहे. चार टन अडकलेलं आणि आपण झटका देतोय तर तुटणार काहीतरी, दोरी नाहीतर हुक, आणि तुटलेला लोखंडी तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला), बंपरला, ट्रेलरवर गाडी बांधायच्या हुकला दोरी लावून माणसं गेलेली आहेत. चॅसिसला बोल्ट केलेला टो पॉइंट सोडून कुठेही दोरी लावायची नाही, यात तडजोड नाही.

विंच? विंच आमच्याकडे नव्हतं, आणि असतं तरी ते कशाला बांधणार? डोळे पोचतात तिथपर्यंत एक झाड नाही. स्टेपनी जमिनीत खोल पुरून तिला विंचची केबल बांधायची एक पद्धत आहे, वाळूत चालते, पण ओल्या चिकणमातीत पुरलेलं टायर आरामात वर येतं. म्हणजे ते चार टन चार टन ठेवून काही होणार नव्हतं, ते कमी करायला पाहिजे होते. ते कमी करायचं एकच साधन, खणणं.

आमच्याकडे फोल्डिंगचं एक छोटं फावडं होतं, जे गाडीच्या ॲक्सेसरीजवाल्यांकडे छान दिसतं. चिकणमातीत ते दहा मिनिटांत निकामी झालं, माती चिकटून बसली की ती काढण्यातच वेळ. तेवढ्यात लांबून एक अगरिया काका आणि त्यांच्या घरातले दोघं-तिघं चालत आले, खांद्यावर खरी फावडी, घमेली. आम्ही बोलावलं नव्हतं. सपाट रणात उभी राहिलेली गाडी फार लांबून दिसते आणि ती बराच वेळ हलली नाही की त्यांना कळतं. काका आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली बघितलं आणि मित्राला म्हणाले, "बेटा, चाबी निकाल लो. पहले मिट्टी, फिर रस्सी."

पुढचे काही तास काकांनी सांगितलं तसं आम्ही केलं. हे लोक वाफा तयार करताना त्याचा तळ पायांनी तुडवतात, रोज, दिवसेंदिवस, माती घट्ट बसून खारं पाणी खाली जिरू नये म्हणून. ती माती किती पाण्याला कशी वागते हे त्यांच्या पायांना माहीत आहे. आणि त्याची किंमतही पायच मोजतात, काकांच्या टाचा मी बघितल्या, मिठाने पार फाटलेल्या.

पहिली गोष्ट, फावडं प्रत्येक वेळी पाण्यात बुडवून मग मातीत घालायचं. ओल्या पात्याला चिकणमाती चिकटत नाही, गठ्ठा अख्खा सुटून येतो. एवढ्याशा गोष्टीने कामाचा वेग दुप्पट झाला असेल. दुसरी, खड्ड्यात पाणी झिरपून परत भरतं, ते कितीही उपसा भरतच राहतं, म्हणून गाडीपासून थोडं लांब, चाकांपेक्षा खोल असा एक खड्डा आधी खणायचा आणि चाकांपासून त्यात चर काढायचा. पाणी तिकडे जातं, आपण तिथून बादलीने काढायचं. सपाट जमिनीवर पाण्याला उतार कसा द्यायचा हे त्यांचं रोजचं काम, काकांनी डोळ्याने अंदाज घेऊन चर काढला आणि पाणी खरंच चालू लागलं, आम्ही सगळे बघत राहिलो.

मग पोटाखाली. हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. ओली माती चॅसिसला, डिफला, ॲक्सलला चिकटून बसलेली असते आणि मधे हवा नसते, त्यामुळे गाडी वर उचलायला गेलं की खाली पोकळी तयार होते आणि ती गाडीला मागे खेचते. हवा आत जाऊ दिली की ही पकड सुटते. म्हणून आडवं झोपून, गाडीच्या खाली हात घालून नाही, लांब दांड्याने, दोन्ही बाजूंनी आरपार माती कोरायची, मधे उजेड दिसेपर्यंत. वहिनी, म्हणजे मित्राची बायको, ती या कामात सगळ्यांच्या पुढे होती. ती उजव्या बाजूने, काकांचा मुलगा डाव्या बाजूने, आणि जेव्हा दोघांच्या काठ्या मधे भेटल्या तेव्हा ती जी ओरडली! सायलेन्सरचं तोंडही चिखलात होतं, तेही मोकळं केलं, ते बंद राहून इंजिन चालू केलं तर धूर आत येऊ शकतो.

जॅक लावायचा प्रयत्न केला, पण बॉटल जॅक मऊ जमिनीत गाडी वर उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो, खाली जाड फळी पाहिजे, आणि आमची फळी जेवढी होती तेवढी पुरली नाही. काकांनी झोपडीवरून एक लांब वासा आणि ओंडका आणवला. ओंडका टेकू, वासा चाकाच्या खाली, दुसऱ्या टोकाला तीन माणसं. चाक वर आलं. वर असताना कोणाचेही हात खाली नाहीत, गोणी काठीने ढकलायच्या, हे काका एकेकाला बजावत होते. गोणपाटाच्या रिकाम्या पिशव्या त्यांच्याकडे असतातच, त्यात वरच्या थराची कोरडी माती भरून चाकाखाली सारल्या. वेडी बाभूळ त्या भागात काठाकाठाने भरपूर आहे, मला वाटलं तिच्या फांद्या टाकू, पण वाटाड्या मुलगा नको म्हणाला, तिचे काटे टायरच्या बाजूच्या भिंतीतून आरपार जातात, आणि हवा कमी केलेल्या टायरला तर अजून सोपं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

एकेक चाक असं करत चारही चाकं गोण्यांवर आली. टायरची हवा आम्ही १५ पीएसआयपर्यंत आणली, टायर पसरतो, जमिनीला जास्त जागेवर टेकतो, दाब कमी होतो. याच्याही खाली न्यायला मी तयार नव्हतो, चिखलात चाक वळवलं की टायर रिमवरून सुटायची भीती. गाडीतलं सामान सगळं उतरवलेलं. प्रत्येक चाकाच्या मागे उतार खणलेला, खड्ड्याची मागची भिंत काढून तिरकी केलेली, त्यावर ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या. मागे, कारण गाडी ज्या वाटेने आली त्याच वाटेने परत काढायची. पुढे पक्की जमीन दिसत होती, वीसेक फुटांवर, आणि मोह होतो, पण दिसणं आणि असणं यातला फरक आम्ही नुकताच बघितला होता. मागच्या जमिनीने गाडी एकदा पेलली होती.

मग दोरी. थारच्या मागच्या टो पॉइंटला सॉफ्ट शॅकल, म्हणजे दोरीचीच कडी, तुटली तरी लोखंड उडत नाही, मग लांब पट्टी, मग कायनेटिक, मग जिप्सी. दोन दोऱ्या जोडताना मधे लोखंडी कडी घालायची नाही, पट्टीच्या फाशातून फासा ओवून घ्यायचा. दोरीवर मधे एक जड ओलं पोतं टाकलं. सगळ्या माणसांना दोरीच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, बाजूला, रेषेत कोणी नाही. पोरं जवळ येत होती, काकांनी एक आवाज दिला आणि सगळी मागे.

जिप्सी फोर लोमध्ये दुसऱ्या गियरला, दोरी थोडीशी ढिली ठेवून, हळू, धावत नाही. हॉर्न ठरलेला. हॉर्न वाजला की मित्राने रिव्हर्सला अगदी हलका ॲक्सिलेटर द्यायचा, चाक बोर्डवर पकड घेईल इतकाच. पहिल्यांदा गाडी हातभर आली आणि थांबली. मी लगेच सोडलं. परत बोर्ड सारले, परत गोण्या, मागच्या डाव्या चाकाच्या मागे अजून थोडं खणलं. दुसऱ्यांदा ओढली तेव्हा खालून मोठ्ठा फच्च असा आवाज आला, हवा आत शिरल्याचा, आणि गाडी वर आली, बोर्डवर चढली आणि सरळ मागे येत राहिली, मी थांबलोच नाही, पक्की जमीन येईपर्यंत ओढत नेलं. एवढं खणल्यावर ओढायला किती कमी ताकद लागली! जिप्सीचं एकही चाक घसरलं नाही. हाच मुद्दा मला या सगळ्या पोस्टमध्ये सांगायचाय, ती चार टनाची पकड फावड्याने एक टनाच्या खाली आली होती, म्हणून एक टनाची गाडी तिला ओढू शकली.

जिप्सीबद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. तिथले सफारीवाले अजूनही जिप्सी का सोडत नाहीत ते त्या दिवशी कळलं. नवीन थार दमदार आहे, डिफ लॉक आहे, ग्राउंड क्लिअरन्स चांगला आहे, आणि खडकात, डोंगरात मी तीच घेईन. पण पापुद्र्यावर चालायचं असेल तर हलकी गाडी ती हलकी गाडी.

गाडी निघाली, सगळ्यांनी टाळ्या वगैरे वाजवल्या, चहा आला. चहाच्या पाण्याचा मला संकोच वाटला, ते टँकरचं पाणी, मोजून वापरायचं. आमच्याकडे जे कॅन भरलेले होते ते आम्ही त्यांच्या झोपडीत उतरवले. पैसे काकांनी घेतले नाहीत, दोनदा विचारल्यावर त्यांना आवडलं नाही असं वाटलं म्हणून थांबलो. मात्र चहा झाल्यावर ते म्हणाले आता खड्डे भरा.

आणि बरोबरच होतं. ही टँकरची वाट आहे, उद्या सकाळी इथून टँकर जाणार, मिठाच्या गाड्या जाणार, रात्री कोणी बाईकवर येणार. चिखलात पडलेली चाकोरी वाळली की दगड होते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच राहते. आम्ही जेवढी माती काढली होती ती सगळी परत टाकली, गोण्या फोडून कोरडी माती वर घातली, पायांनी तुडवली. तुडवताना कळलं की हे किती अवघड काम आहे, पोटऱ्या भरून येतात, आणि ही माणसं महिनोन् महिने हे करतात. ओली जागा सगळ्यांना लांबून दिसावी म्हणून काठ्यांना फडकी बांधून दोन्ही बाजूंना लावली आणि टँकरवाल्याला फोन करून नवीन वळण सांगितलं.

इथे जरा चिडून लिहितो. रणात येऊन वाट सोडून सपाटीवर गाडी गरगर फिरवायची, ड्रोनने रील काढायची, हे हल्ली खूप वाढलंय. तो पापुद्रा तुटला की त्या हंगामात तो तसाच राहतो. अगरियांच्या वाफ्यांचे बांध गाडीच्या चाकाने फुटले तर कित्येक आठवड्यांचं पाणी निघून जातं. आणि ज्या घुडखरांना बघायला आपण जातो, ते २०२० च्या गणनेत सहा हजारांच्या थोडे वर होते, जगात हे जंगली गाढव मुख्यतः याच भागात उरलंय, त्यांच्या मागे गाडी पळवायची नसते. वाटाड्याला घ्या, त्याला पैसे द्या, तो म्हणेल त्या वाटेने जा, आणि निघायच्या आधी त्या दिवशी टँकर कुठून गेला ते विचारा. जीपीएसवर सगळं रण एकाच रंगाचं दिसतं.

आता गाडी धुण्याबद्दल, कारण हे लोक विसरतात आणि दोन महिन्यांनी गंज दिसतो. हा नुसता चिखल नाही, मिठाचा चिखल आहे. पाटडीला पोचल्या पोचल्या वॉशिंगवर गेलो, आणि नुसता बाहेरून फवारा नाही, रॅम्पवर चढवून चॅसिसच्या आतल्या भोकांतून पाणी, ब्रेकच्या डिस्कच्या मागे, रेडिएटरची जाळी (हिच्यावर प्रेशर कमी ठेवायचं, पाती वाकतात), प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट. घरी आल्यावर हब आणि जॉइंटना नवीन ग्रीस, डिफचं ऑइल उघडून बघितलं, पाणी गेलं असेल तर ते दुधाळ दिसतं, आमचं ठीक होतं. घरी पोचायच्या आधी, दुसऱ्या दिवशी हायवेला ८० च्या वर गेलं की थारचं स्टिअरिंग थरथरायला लागलं, मित्र घाबरला की स्टिअरिंगचं काही वाकलं की काय. काही वाकलं नव्हतं. रिमच्या आतल्या बाजूला चिकणमातीचा थर बसून वाळला होता, प्रेशर वॉशने तो निघालाच नव्हता, चाकाचं बॅलन्सिंग त्याने गेलेलं. ढाब्यावर थांबून चारही चाकं काढली, जाड स्क्रूड्रायव्हरने तो खरवडला, ढेकळंच्या ढेकळं निघाली, आणि पुढे बडोद्यापर्यंत गाडी एकदम सरळ गेली.